गाडी खाली बसवा, पण स्प्रिंग कापून नव्हे

या पानावर सहसा सुताचे भाव, लूमचे वीजबिल, उधारी आणि वसुली असे विषय येतात. आज मी मोटारीच्या स्प्रिंगविषयी लिहितो आहे, याचे काही वाचकांना आश्चर्य वाटेल. कापडाच्या माणसाला यात काय कळते, असेही कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. परंतु मालेगाव घ्या, भिवंडी घ्या, मुंबईत कुर्ला किंवा नागपाडा घ्या, आपल्या वस्तीत दोन गोष्टी हमखास दिसतात. एक, गाडीचा शौक असलेली तरुण मुले. आणि दुसरी, तो शौक पुरा करून देणारे आपलेच कारागीर. डेंटर, पेंटर, वेल्डर, टायरवाला, शॉकअपवाला. गिऱ्हाईक आपले, कारागीर आपला आणि नुकसान झाले तर तेही आपल्याच घरात. तेव्हा हा व्यापाराचाच विषय आहे.

माझ्या भाच्याने २०१३ सालची स्विफ्ट जुन्या बाजारातून घेतली. गाडी चांगली निघाली. पण सहा महिन्यांतच त्याला ती उंच दिसू लागली. "मामू, चाक आणि मडगार्ड यांच्या मध्ये हाताचा पंजा जातो, ही काय गाडी झाली?" असे त्याचे म्हणणे. गाडी खाली बसवायची, चाके मोठी करायची आणि टायर रुंद टाकायचे, असा बेत ठरला. खिशात होते पंचवीस हजार रुपये.

त्या पंचवीस हजारांत काय झाले ते सांगतो. सोळा इंची जुनी अलॉय व्हील, वर टायर चढवलेली, बावीस हजारांना आली. उरलेल्या पैशांत नव्या स्प्रिंग येईनात, म्हणून होत्या त्याच काढून ग्राइंडरने कापल्या. प्रत्येकीचे दीड वेटोळे उडवले. मजुरी बाराशे. अलाइनमेंटला पैसे उरले होते, पण चिरंजीवांना घाई होती. गाडी दोन इंच खाली बसली आणि मोहल्ल्यातल्या सगळ्या मुलांनी तिच्याबरोबर फोटो काढले. मलाही ती बरी दिसली, हे कबूल केले पाहिजे.

पंधरा दिवसांनी मला भिवंडीला माल पोहोचवायचा होता. टेम्पो मिळत नव्हता. भाचा म्हणाला, मी नेतो. डिक्कीत आणि मागच्या सीटवर सहा ताके टाकले. शंभर मीटरचा पॉपलिनचा एक ताका पंधरा-सतरा किलोचा, म्हणजे एकूण शंभर किलो. त्यात आम्ही दोघे. कसारा घाट उतरताना मागून जळक्या रबराचा वास येऊ लागला. मला वाटले पुढच्या ट्रकच्या ब्रेकचा असेल. शहापूरच्या अलीकडे गाडी उभी करून पाहिले, तर मागच्या डाव्या टायरची बाजू मडगार्डच्या आतल्या कडेवर घासून घासून सोलली होती आणि आतला पांढरा धागा बाहेर आला होता.

तो धागा पाहून मात्र मी हादरलो, कारण धागा मला कळतो. टायर रबराचा असतो असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात त्याला आकार आणि ताकद देते ते आतले कापड. ट्रकच्या साध्या टायरात नायलॉन कॉर्डचे थर असतात, मोटारीच्या रेडियल टायरात बहुधा पॉलिस्टरचे. या कापडाची वीण आपल्या पॉपलिनसारखी नसते. ताणा जाड आणि दाट, बाणा अगदी बारीक आणि विरळ, केवळ ताणा जागेवर राहावा एवढ्यापुरता. सगळा भार उभ्या धाग्यावर. रेडियल टायरच्या बाजूला, म्हणजे साइडवॉलमध्ये, असा एक किंवा दोन थर असतात, आणि त्यावर रबराचे पातळ आवरण. रस्त्याला टेकणाऱ्या भागात पोलादी पट्टे असतात, बाजूला ते नसतात. म्हणून खिळा लागला तर पंक्चर निघते, पण बाजूचा धागा तुटला तर टायर संपला. त्याला ठिगळ नाही. घाटात तो फुटला असता तर हा लेख कोणी दुसऱ्याने लिहिला असता. आणि त्या दिवशी गाडीवर बोजा माझ्या मालाचा होता, भाच्याचा नव्हे. गाडी खाली बसलेली आहे हे डोळ्यांनी दिसत असताना मी ताके भरले, कारण टेम्पोचे भाडे वाचत होते.

परत आल्यावर मी त्या गॅरेजच्या उस्तादकडे गेलो. भांडायलाच गेलो होतो. माणूस शांत, हाताचा कसबी, पाच वक्त नमाजी. तो म्हणाला, "हाजीसाहेब, मुलाने मागितले, मी कापले. मी नाही म्हटले असते तर शेजारच्याने कापले असते, आणि माझे गिऱ्हाईक गेले असते." हे उत्तर मी आपल्या धंद्यातही तीस वर्षे ऐकत आलो आहे. कच्चा रंग देणारा रंगारी हेच म्हणतो. धागा कमी टाकून कापड विणणारा हेच म्हणतो. उस्तादाचे म्हणणे खोटे नव्हते. म्हणूनच ते नीट तपासले पाहिजे.

स्प्रिंग कापली तर बिघडते काय? स्प्रिंग म्हणजे गुंडाळलेली पोलादी तार. तार जेवढी लांब तेवढी ती नरम. समजा कामाची वेटोळी सहा आहेत आणि त्यांतले एक काढले, तर उरलेली स्प्रिंग सुमारे वीस टक्के कडक होते. मुले म्हणतात, मग चांगलेच झाले. पण उंची त्याहून जास्त गेलेली असते. चाकाला वर उचलायला जी चाल हवी ती निम्मी खाऊन टाकलेली असते. शॉकअप मूळ उंचीसाठी बनलेला, तो आता कायम दबलेल्या अवस्थेत काम करतो, आणि आतले रबर प्रत्येक खड्ड्यात आपटते. जुना शॉकअप असेल तर काही महिन्यांत तेल सोडतो. दुसरी गोष्ट याहून गंभीर. कंपनी स्प्रिंगचे टोक बैठकीच्या आकाराप्रमाणे वळवते. कापलेले टोक बैठकीत नीट बसत नाही. चाक खड्ड्यात लोंबकळले की आखूड स्प्रिंग सैल पडते आणि जागा सोडू शकते. कोणी गॅसने तापवून स्प्रिंग खाली बसवतात, ते तर आणखी वाईट. आपले लोहार जाणतात की हत्यार पुन्हा तापवले की त्याचे पाणी उतरते. स्प्रिंगचेही तेच.

गाडी खाली बसवण्यासाठीच बनवलेल्या स्प्रिंग वेगळ्या असतात. त्या त्याच मॉडेलसाठी असतात, चारांचा संच असतो, कडकपणा आधीच वाढवलेला असतो, टोके बैठकीला जुळतात आणि चाक पूर्ण लोंबकळले तरी सुटत नाहीत. पंचवीस ते तीस मिलिमीटर, म्हणजे इंच-सव्वा इंच खाली, एवढ्यावर समजूतदार माणूस थांबतो. ते बसवल्यावर पुढच्या चाकांचे अलाइनमेंट करावेच लागते, कारण उंची बदलली की चाकांचा कोन बदलतो आणि टायर आतल्या कडेने खाल्ला जातो. हेडलाइटचा झोतही पाहून घ्यावा.

उंचीचा हिशेब मी पट्टी घेऊन केला. या स्विफ्टची जमिनीपासून मोकळी उंची कंपनीच्या आकड्याप्रमाणे १७० मिलिमीटर. कापण्यात गेले पन्नास. राहिले १२०. टायर लहान व्यासाचे निघाले, त्यात आणखी नऊ गेले. माल भरल्यावर मागची बाजू इंचभर दबली. उरले काय? गतिरोधकाविषयी मला एक नवीन गोष्ट कळली. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाप्रमाणे तो दहा सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद, हळूहळू चढणारा असावा. स्विफ्टच्या दोन चाकांतले अंतर २.४३ मीटर, म्हणजे चारही चाके त्याच्यावरच असतात आणि गाडीच्या पोटाखाली जेमतेम चार-साडेचार सेंटिमीटर उंचवटा येतो. असा गतिरोधक खाली बसवलेली गाडीही ओलांडते. पण आपल्या गल्लीत कोणी मापाने बांधतो का? हातभर रुंदीचा डांबराचा ढीग टाकतात, चाके दोन बाजूला आणि ढीग मधोमध. तिथे दहा सेंटिमीटर पूर्ण मोजावे लागतात. भाच्याचा चेंबर फुटला नाही, हे नशीब.

आता टायरचा आकडा. माझे शिक्षण उर्दू शाळेत झाले. टायरच्या बाजूला लिहिलेली ती इंग्रजी अक्षरे आणि आकडे वाचता येतात हे मला पन्नाशी उलटल्यावर कळले, आणि आपल्यातल्या पुष्कळांची हीच गत आहे. वाचणे अवघड नाही. १६५/८० आर १४ असे असेल तर टायर १६५ मिलिमीटर रुंद, त्याची बाजू रुंदीच्या ८० टक्के म्हणजे १३२ मिलिमीटर उंच, आणि रिम चौदा इंची. चौदा इंच म्हणजे ३५६ मिलिमीटर, त्यात दोन वेळा १३२ मिळवा, पूर्ण चाकाचा व्यास सुमारे ६२० आला. या गाडीचा हाच मूळ टायर. वरच्या मॉडेलला कंपनी १८५/६५ आर १५ देत असे, त्याचा व्यास ६२१. रिम इंचाने मोठी झाली, तरी चाक तेवढेच राहिले. भाच्याने घेतला तो १९५/५० आर १६, त्याचा व्यास ६०१. चाक लहान झाले की स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा जास्त वेग दाखवतो, आणि पातळ बाजूमुळे खड्ड्याचा मार सरळ रिमवर बसतो.

आकाराच्या पुढे एक आणखी आकडा असतो, तो भाराचा. ८५ असेल तर एक टायर ५१५ किलो पेलतो, ८८ असेल तर ५६०. भाच्याच्या सोळा इंची टायरवर ८४ होते, म्हणजे ५००. टायर रुंद झाला, पण पेलण्याची ताकद कमी झाली. आणि शेवटी चार आकडे एका लंबगोलात असतात, ते जन्मतारीख सांगतात. त्याच्या टायरवर ३११४ होते, म्हणजे २०१४ सालचा एकतिसावा आठवडा. नक्षी भरपूर शिल्लक होती, काळा पॉलिश मारलेला होता, आणि रबर आतून वाळलेले होते. नक्षी १.६ मिलिमीटरपेक्षा कमी झाली की टायर बाद, हे लोकांना साधारण ठाऊक असते. वय मात्र कोणी विचारत नाही.

बाजारात धान्याच्या ढिगात हात घालून प्रेषित मुहम्मद (स.) यांनी आतला ओलावा बाहेर काढून दाखवला, ही हदीस आपण लहानपणापासून ऐकतो. जुन्या अलॉय व्हीलच्या बाजारात मला तिची आठवण होते. भेग गेलेले व्हील गॅस वेल्डिंगने जोडतात, घासतात, वर रंग मारतात आणि नव्यासारखे विकतात. खरेदी करताना टायर उतरवून आतली बाजू पाहावी. बॅलन्सिंगच्या मशीनवर नुसती रिम फिरवून पाहावी, वाकडी असेल तर डोळ्यांना दिसते. प्रामाणिक दुकानदार हे करू देतो. करू देत नसेल तर दुसरे दुकान पाहावे.

बोल्टच्या मापातही फसगत होते. स्विफ्टचे माप चार बोल्ट, शंभर मिलिमीटर. फियाट पुंटोचे चार बोल्ट, ९८ मिलिमीटर. दोन मिलिमीटरचा फरक. व्हील चढते, नटही फिरतो, फक्त तिरका बसतो आणि पुढे ढिला होतो. मधल्या भोकाचे माप सुझुकीला ५४.१ मिलिमीटर लागते. व्हीलचे भोक मोठे असेल तर मध्ये रिंग टाकावी लागते, नाहीतर स्टिअरिंग थरथरते. आणि व्हील किती बाहेर येईल हे त्यावर 'ईटी' असे लिहून पुढे जो आकडा असतो त्यावर ठरते. आकडा दहाने कमी म्हणजे व्हील दहा मिलिमीटर बाहेर. आमच्या गाडीचे मडगार्ड घासले त्याचे हेही एक कारण होते.

दुरुस्तीचा हिशेब असा झाला. चार नव्या मूळ स्प्रिंग, चार शॉकअप आणि मजुरी मिळून पंधरा हजार. वरच्या मॉडेलची पंधरा इंची कंपनीची जुनी व्हील बारा हजार. चार नवे टायर बावीस हजार. सोळा इंची संच विकून नऊ हजार परत आले. म्हणजे स्वस्तात केलेला शौक शेवटी त्रेसष्ट हजारांना पडला, आणि गाडी पुन्हा कंपनीच्या उंचीवर आली.

हे सगळे ऐकून काही वडीलधारे म्हणतील, मुलांना हा नादच सोडायला लावा. मला ते पटत नाही. तरुण माणूस स्वतःच्या कमाईतून गाडी सजवतो, यात गैर काय आहे? आमच्या वेळी आम्ही सायकलला रंगीत फिती आणि दोन-दोन घंट्या लावत होतो. शौक राहणार आहे. प्रश्न पैसा कोणत्या क्रमाने खर्चायचा, एवढाच आहे. माझे मत स्पष्ट आहे: आधी टायर, मग शॉकअप आणि स्प्रिंग, सर्वांत शेवटी अलॉय. मुले नेमके उलट करतात, कारण अलॉय दुरून दिसते आणि शॉकअप दिसत नाही. चाळीस हजार असतील तर चांगले टायर आणि कंपनीची वरच्या मॉडेलची व्हील घ्यावीत, उरलेल्यात बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट करावे, स्प्रिंगला हात लावू नये. ज्याला गाडी खालीच हवी त्याने चौदा इंची स्टीलची रिम ठेवावी, ती काळी रंगवावी, तिच्यावर १८५/७० आर १४ टायर घालावा, आणि वाचलेला पैसा तयार स्प्रिंगच्या पूर्ण संचात आणि नव्या शॉकअपमध्ये घालावा. स्टीलची रिम खड्ड्यात वाकते, फुटत नाही, आणि हातोड्याने सरळही होते. ज्याच्या गाडीत माल जातो त्याने मात्र खाली बसवण्याचा विचार सोडून द्यावा. ताके आणि फोटो, दोन्ही एका गाडीत जमत नाहीत.

कायद्याची बाजूही माहीत असलेली बरी. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या तपशिलाशी आणि उत्पादकाने ठरवलेल्या रचनेशी विसंगत फेरबदल मालकाला करता येत नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही बाब ठामपणे सांगितली, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ अ मध्ये परवानगी नसलेल्या फेरबदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर फेरबदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही ठेवले. स्प्रिंग बदलण्याआधी आरटीओत विचारून घ्यावे आणि विमा कंपनीला लेखी कळवावे. न कळवता केलेला बदल अपघातानंतर दाव्याच्या आड येतो. कंपनीनेच दुसऱ्या मॉडेलला दिलेले टायर आणि व्हील, हा सर्वांत निर्धोक मार्ग आहे.

आता उस्तादाच्या उत्तराकडे परत येतो. मी नाही कापले तर शेजारचा कापेल. कारागीर बंधूंनो, कापेल. पण कापलेल्या स्प्रिंगचे बाराशे रुपये एकदाच मिळतात. तयार संच बसवणे, शॉकअप बदलणे, अलाइनमेंट, सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी, यात चार वेळा काम आहे, आणि ते बिलावर लिहिता येते. कापल्याचे बिल कोणी देतो का? त्या उस्तादानेही दिले नव्हते. जे काम बिलावर लिहायला हात कचरतो, ते करावे की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे. मोठ्या शोरूमचे लोक आपल्या गॅरेजला 'जुगाड' म्हणून हसतात आणि आपल्याच मुलांच्या गाड्या महागड्या वर्कशॉपकडे वळवतात. हसण्याचे कारण आपणच त्यांना पुरवतो. सूरह अल-मुतफ्फिफीन मापात कमी देणाऱ्यांविषयी आहे, हे आपण दुकानात लावलेल्या तराजूपुरते समजतो. दीड वेटोळे कमी केलेली स्प्रिंग कोणत्या मापात धरायची?

मी उस्तादाला हेच विचारले. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने मला दुकानाच्या मागे नेले. तिथे कापलेल्या स्प्रिंगच्या तुकड्यांचे एक पोते भरून भंगारात जायला ठेवले होते. मी एक तुकडा मागून घेतला. आता माझ्या पेढीवर पंख्याच्या वाऱ्याने बिले उडू नयेत म्हणून तो त्यांच्यावर ठेवतो. उस्तादाने अजून कापणे पूर्ण बंद केलेले नाही. मात्र आता तो गिऱ्हाइकाला आधी तयार संचाचा भाव सांगतो, आणि टायरची तारीख वाचून दाखवतो.

भाचा पुन्हा पैसे जमवतो आहे. त्याला इंचभर तरी खाली हवीच आहे. आरटीओत विचारून ये, संचाचे पक्के बिल आण, मग बोलू, असे मी त्याला सांगितले आहे. माल न्यायला मी टेम्पो ठरवला आहे.